राणीच्या पाठीवरचा वारस

चौकातला पुतळा असो, कॅलेंडर असो की शाळेतली वेशभूषा स्पर्धा, झाशीच्या राणीची ओळख पटते ती पाठीवर बांधलेल्या मुलामुळे. घोडा आणि तलवार इतर वीरांकडेही असतात. या चित्राचा एक जुना धागा पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये सापडतो. 1858 मध्ये इंग्रजांनी झाशीला घातलेल्या वेढ्यात गोडसे तिथेच होते. पुस्तक मात्र 1907 मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापले. त्यात राणी मुलाला रेशमी धोतराने पाठीशी बांधून किल्ल्याबाहेर पडते. हा प्रसंग एप्रिलमधला, रातोरात वेढ्यातून निसटण्याचा. राणीला वीरमरण आले ते जूनमध्ये, ग्वाल्हेरजवळच्या लढाईत. लोकप्रिय चित्राने दोन्ही प्रसंग एक केले: मूल पहिल्यातले, शत्रूवर उगारलेली तलवार दुसऱ्यातली.

ही सरमिसळ टिकली, कारण ते मूल म्हणजेच इंग्रजांशी झालेल्या भांडणाचे मूळ होते. नोव्हेंबर 1853 मध्ये मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेले राणीचे पती, झाशीचे राजे गंगाधरराव यांनी पाचेक वर्षांच्या आनंदरावाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदर ठेवले. गव्हर्नर-जनरल डलहौसीने हे दत्तक राज्यापुरते नाकारले आणि 1854 मध्ये झाशी खालसा केली. गंमत अशी, की गंगाधररावांच्या खाजगी मालमत्तेला मात्र तोच मुलगा वारस म्हणून चालला. राणीला देऊ केली ती महिना 5000 रुपयांची पेन्शन. तिचे अर्ज, वकील जॉन लँगचा सल्ला, सारे या एका मुलाच्या हक्कासाठी होते.

या चित्राने सेनानी राणीला आई करून तिचे राजकारण पुसले, असा आक्षेप घेता येईल. तो अर्धाच पटतो. राणी झाशीवर हक्क सांगत होती तो दामोदररावाच्या नावाने. त्याला चित्रातून काढले तर उरते ती नुसती शूर घोडेस्वार, आणि ती कशासाठी लढली हे कळेनासे होते. आक्षेप खरा ठरतो तो मुलाच्या वयापाशी. 1858 मध्ये दामोदर नऊ वर्षांच्या आसपास होता, पण अनेक शिल्पकार आणि चित्रकार त्याला तान्हा करतात. एवढ्या मोठ्या मुलाला पाठीवर घेऊन दौड कशी जमेल, ही शंका तान्हे मूल दाखवल्याने मिटते. पण करुणा वाढते आणि गादीचा वारस दिसेनासा होतो. दामोदरराव पुढे इंदूरला इंग्रजांच्या तुटपुंज्या पेन्शनवर राहिले आणि 1906 मध्ये वारले. झाशीवरचा त्यांचा हक्क सरकारने शेवटपर्यंत मानला नाही.