खनिज तेलाचा शोध आणि भूगर्भाची माहिती

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदमंचावरून खणलेल्या विहिरीत तेल लागले आणि भारताच्या तेल उत्पादनाचे चित्र पालटले. ही जागा योगायोगाने निवडलेली नव्हती. ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाने १९६४ पासून खंभातचे आखात व त्यालगतच्या समुद्रात भूकंपीय सर्वेक्षण केले होते. समुद्रतळाखालील थरांना आलेला विस्तीर्ण उंचवटा त्या सर्वेक्षणातून नकाशावर आला. विहीर खोदणे ही तेलशोधाची पहिली नव्हे, तर बरीच पुढची पायरी असते. खोल समुद्रात एका विहिरीवर शेकडो कोटी रुपये खर्च होऊ शकतात आणि अनेक विहिरी कोरड्या निघतात. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी चार-पंचमांशांहून अधिक तेल आयात करावे लागत असल्याने हा प्रश्न केवळ तज्ज्ञांपुरता राहत नाही.

तेलाचा साठा म्हणजे जमिनीखालचे तळे, अशी एक समजूत आढळते. प्रत्यक्षात तेल वालुकाश्म किंवा चुनखडक यांच्या सूक्ष्म छिद्रांत असते. ते तयार होण्यासाठी सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असा जनक खडक लागतो. खंभातच्या द्रोणीत ‘खंभात शेल’ या नावाने ओळखला जाणारा खडक तो आहे. तेल साठवण्यास सच्छिद्र खडक, ते वर निसटू नये म्हणून अभेद्य आच्छादन आणि ते अडून राहील असा सापळा, म्हणजे थरांचा घुमट किंवा विभंग, यांचीही आवश्यकता असते. शिवाय तेल सरकू लागण्यापूर्वी सापळा तयार झालेला असावा लागतो. माहितीचा प्रत्येक प्रकार यांपैकी एखाद्या-दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देतो.

सर्वांत जुनी माहिती पृष्ठभागावरची. आसामात दिगबोई येथे १८८९ मध्ये विहीर खोदली गेली ती परिसरात तेलाचे पाझर दिसत असल्यामुळे. हत्तींच्या पायांना तेल माखलेले दिसले ही तेथील आख्यायिका खरी असो वा नसो, पाझर खरे होते. मात्र पाझर सर्वत्र नसतात. त्याच आसामात नहारकटिया येथे १९५३ मध्ये तेल सापडले, तेव्हा वर नदीच्या गाळाचे सपाट मैदान होते आणि खालच्या रचनेचा सुगावा भूभौतिकीय सर्वेक्षणातून लागला होता.

त्यानंतर येते गुरुत्वीय व चुंबकीय माहिती. जड खडकांवर गुरुत्वाकर्षण किंचित अधिक, तर हलक्या गाळाच्या खडकांवर किंचित कमी असते. हा फरक एकूण गुरुत्वाकर्षणाच्या काही दशलक्षांश इतका असला तरी उपकरणांना तो टिपता येतो. अमेरिकेतील टेक्सास येथे १९२४ मध्ये मिठाचा एक भूमिगत घुमट याच तत्त्वावर शोधला गेला. चुंबकीय सर्वेक्षण विमानातून केले जाते आणि त्यावरून आधारशिला किती खोल आहे याचा अंदाज येतो. दोन्ही पद्धती तुलनेने स्वस्त आहेत. द्रोणी कोठे खोल व कोठे उथळ हे त्या सांगतात. त्यापलीकडे फारसे नाही.

तेलशोधाचा खरा कणा म्हणजे भूकंपीय माहिती. जमिनीवर लहान स्फोट करून किंवा जड वाहनावरील यंत्राने जमीन कंपित करून, तर समुद्रात दाबलेली हवा एकदम सोडून ध्वनिलहरी खाली धाडल्या जातात. थरांच्या सीमांवरून परतणारे प्रतिध्वनी शेकडो-हजारो ग्राहक यंत्रे नोंदवितात. एका रेषेवर असे मापन केल्यास भूगर्भाचा उभा छेद मिळतो (द्विमितीय सर्वेक्षण). जवळजवळच्या अनेक रेषांवर केल्यास संपूर्ण घनाकृती चित्र उभे राहते (त्रिमितीय सर्वेक्षण).

हे चित्र छायाचित्रासारखे वाचणे मात्र धोक्याचे. लहरी परतण्यास लागलेला वेळ त्यात नोंदलेला असतो, खोली नव्हे. खोली काढण्यासाठी लहरींचा खडकातील वेग माहीत असावा लागतो. वेग दहा टक्के चुकला तर दोन किलोमीटर खोलीवर दोनशे मीटरची चूक होते. लहरींची लांबीही आड येते. सेकंदाला ३,००० मीटर वेग आणि ३० हर्ट्झ वारंवारता धरल्यास लहर १०० मीटर लांब होते आणि सुमारे २५ मीटरपेक्षा पातळ थर वेगळा ओळखता येत नाही. छेदात उठून दिसणारा ठळक पट्टा वायूचा असू शकतो; पण अगदी अल्प वायूनेही तसाच पट्टा उमटतो. अशा पट्ट्यावर विसंबून खोदलेल्या विहिरींनी जगभर अनेकांची निराशा केली आहे.

म्हणून विहिरीतून मिळणाऱ्या माहितीचे मोल मोठे. फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे सप्टेंबर १९२७ मध्ये श्लुम्बर्जे बंधूंच्या पद्धतीने विहिरीतील खडकांच्या विद्युत रोधाची पहिली नोंद झाली. आज केबलला बांधलेली उपकरणे विहिरीत सोडून नैसर्गिक किरणोत्सार, विद्युत रोध, घनता, हायड्रोजनचे प्रमाण आणि ध्वनीचा वेग मोजला जातो. शेल व वालुकाश्म किरणोत्साराने वेगळे ओळखता येतात. खारे पाणी वीज सहज वाहू देते, तेल देत नाही. त्यामुळे सच्छिद्र थरात रोध अचानक वाढला की अभ्यासकाची नजर तेथे थांबते. खोदताना वर येणारा खडकाचा चुरा आणि कापून काढलेले गाभ्याचे तुकडे प्रयोगशाळेत जातात. सूक्ष्म जीवाश्मांवरून थराचे वय ठरते, तर जनक खडक तेल तयार होण्याइतका तापला होता का, हे सेंद्रिय कणांच्या चकाकीवरून कळते. तेलाचा नमुनाही निर्णायक ठरतो. राजस्थानातील बाडमेर येथे २००४ मध्ये सापडलेल्या ‘मंगला’ क्षेत्राचे तेल इतके मेणयुक्त निघाले की ते वाहते ठेवण्यासाठी तापविलेली नळवाहिनी टाकावी लागली.

या साऱ्या पद्धतींची कसोटी लागते ती दख्खनच्या पठारावर. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र बेसाल्टने झाकलेले आहे. लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांत ध्वनिलहरी विखुरतात आणि खालचे चित्र धूसर होते. येथे ‘मॅग्नेटोटेल्युरिक’ ही पद्धत उपयोगी पडते. पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरींवरून तीत खडकांचा रोध काढतात. बेसाल्ट व ग्रॅनाइट यांच्यामध्ये गाळाचे खडक असतील तर ते कमी रोधाचा पट्टा म्हणून दिसतात. सौराष्ट्रात लोधिका येथील विहिरीत सुमारे दीड किलोमीटर बेसाल्टखाली मध्यजीव महाकल्पातील गाळाचे खडक मिळाले. कोयना परिसरात गोठणे येथे भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा सुमारे साडेबाराशे मीटर बेसाल्टनंतर थेट ग्रॅनाइटी आधारशिला लागली. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या छिद्रात दोहोंमधील गाळ अवघा काही मीटरच होता. पठाराखाली सर्वत्र तेलयोग्य खडक दडले आहेत, हा समज या नोंदींपुढे टिकत नाही. उत्तरेकडील नर्मदा-तापी पट्टा व सौराष्ट्र यांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो.

माहिती गोळा करण्याइतकेच ती जपणेही महत्त्वाचे. हायड्रोकार्बन महासंचालनालयाने २०१७ मध्ये राष्ट्रीय माहिती भांडार सुरू केले. २०१६ च्या नव्या धोरणानुसार कंपन्या तेथील माहिती पाहून स्वतः क्षेत्र सुचवू शकतात. त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय भूकंपीय कार्यक्रमात पूर्वी पाहणी न झालेल्या द्रोणींत सुमारे ४८ हजार किलोमीटर लांबीच्या द्विमितीय रेषांचे सर्वेक्षण हाती घेण्यात आले. जुन्या चुंबकीय फितींवरील नोंदी आजच्या संगणकांवर पुन्हा प्रक्रिया केल्यास पूर्वी न दिसलेले थर दिसू शकतात. त्यासाठी फीत वाचता यावी लागते, आणि त्या रेषेचे अक्षांश-रेखांश लिहिलेला कागदही सोबत शिल्लक असावा लागतो.