गुरूचे दही आणि शिष्याची लस

१/
विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोंडाईच्यात जन्मलेल्या बाळाने किती वर्षे जगण्याची अपेक्षा धरावी? १९०१ ते १९११ या काळात हिंदुस्थानचे सरासरी आयुर्मान सुमारे २३ वर्षे होते, असा लोकसंख्याशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आज महाराष्ट्राचे आयुर्मान ७२ वर्षांच्या आसपास आहे. मधली ही जवळजवळ पन्नास वर्षे कोठून आली, त्याचा हा इतिहास.

२/
आधी एक गैरसमज दूर व्हावा. आयुर्मान २३ होते म्हणजे माणसे तेविशीत म्हातारी होत, असे नव्हे. जन्मलेल्या मुलांचा फार मोठा वाटा कोवळ्या वयातच दगावे आणि सरासरी खाली येई. बालपण, बाळंतपण आणि साथी यांतून तरलेला माणूस सत्तरी-ऐंशीही गाठी. १८५८ साली जन्मलेले महर्षी धोंडो केशव कर्वे तर १०४ वर्षे जगून १९६२ साली निवर्तले.

३/
दीर्घायुष्याची ओढ फार प्राचीन आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग ‘रसायन’ याच विषयाला वाहिलेले आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिला अध्यायच रसायनाचा. ज्वराची, कुष्ठाची चिकित्सा त्यानंतर येते. च्यवनप्राशाची कृती याच अध्यायात आहे.

४/
त्याच अध्यायात ‘आचाररसायन’ही येते आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्यात औषध नाही, वागणूक आहे : क्रोध टाळावा, मद्यापासून दूर राहावे, झोप आणि जागरण यांचा तोल राखावा. सूत्रस्थानात दिनचर्या व ऋतुचर्याही सांगितल्या आहेत. रोग होण्यापूर्वीच त्याची वाट अडवावी, हा विचार या भूमीला परका नव्हता.

५/
युरोपात याच प्रश्नाने एल्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाला झपाटले होते. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, या शोधासाठी त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वार्धक्याच्या अभ्यासाला ‘जेरोंटोलॉजी’ हे नाव त्यांनीच १९०३ साली दिले.

६/
मोठ्या आतड्यातील सडवणारे जंतू विष निर्माण करतात आणि त्यामुळे म्हातारपण लवकर येते, असे मेचनिकॉफ मानत. त्यावर त्यांचा उपाय होता आंबवलेले दूध. दही खाणारे बल्गेरियन शेतकरी दीर्घायुषी असतात, या समजाचा त्यांनी आधार घेतला. ते स्वतः रोज असे दूध घेत. कल्पना चतुर होती, पुरावा मात्र तोकडा होता.

७/
ओडेसा येथे मेचनिकॉफ यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी होता : वाल्डेमार हाफकिन. गुरूमागोमाग तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचला. तेथे त्याला प्रथम मिळाली ती ग्रंथपालाच्या सहायकाची नोकरी. १८९२ साली त्याने पटकीची लस सिद्ध करून स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ साली तो हिंदुस्थानात आला.

८/
सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी काम मांडले आणि अवघ्या तीन महिन्यांत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मात्रा त्यांनी स्वतःच्या शरीरात घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छुक कैद्यांवर तिची परीक्षा झाली.

९/
बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. रोग्यांची शुश्रूषा करता करताच त्यांना संसर्ग झाला होता. तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. लस सापडणे आणि ती माणसापर्यंत पोहोचणे यांत केवढे अंतर असते, ते या दोन तारखा सांगतात.

१०/
हे अंतर सरकारने बळजबरीने कापू पाहिले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. हाच कायदा २०२० साली कोविडच्या वेळी पुन्हा वापरला गेला. पुण्यात सोजीर घरांत शिरले, माणसे विलगीकरणाच्या छावण्यांत नेली गेली. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. आरोग्याच्या नावाने आलेल्या सत्तेवर लोकांचा विश्वास उरला नव्हता.

११/
खानदेशासाठी तो काळ दुहेरी संकटाचा होता. प्लेगपाठोपाठ १८९९-१९०० चा ‘छप्पन्नचा दुष्काळ’ आला. त्याच सुमारास सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून अमळनेरकडे लोहमार्ग निघाला आणि दोंडाईचा त्यावरील एक स्थानक झाले. आगगाडीने कापूस व धान्य वाहिले. मात्र त्या काळी साथीही रेल्वेच्या वाटेने पसरत, म्हणून स्थानकांवर प्रवाशांची वैद्यकीय तपासणी होई.

१२/
लसीलाही अग्निदिव्यातून जावे लागले. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवून त्यांना पदावरून दूर केले गेले. कुपी उघडताना झालेली अस्वच्छता हे त्याचे कारण असल्याचे पुढे पटले आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली ‘हाफकिन संस्था’ हे नाव मिळाले.

१३/
१९१८ साली मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झा शिरला. १९११ ते १९२१ या दशकात देशाचे आयुर्मान २० वर्षांच्या आसपास घसरले आणि लोकसंख्याही घटली. पुढे चित्र पालटले : लसी, शुद्ध पाणी, हिवतापाविरुद्ध फवारणी, सुरक्षित बाळंतपण, प्रतिजैविके. १९७५ मध्ये देवीचा आणि २०११ मध्ये पोलिओचा अखेरचा रुग्ण देशात नोंदला गेला. गेलेली वर्षे परत आली, ती मुख्यतः बालमृत्यू टळल्यामुळे.

१४/
अकाली मृत्यूचे आणखी एक रूप मात्र तेव्हाही दिसत होते. फर्ग्युसन महाविद्यालयात कर्व्यांना १८९१ साली बोलावून घेणारे गोपाळ कृष्ण गोखले १९१५ साली, वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी गेले. त्यांना मधुमेह होता. इन्सुलिनचा शोध लागायला अजून सहा वर्षे होती.

१५/
या रोगाची मुळे किती खोल आहेत, हे पुण्यातूनच उलगडले. १९९३ साली केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. तरीही पुण्याच्या कृश बाळांत स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

१६/
२००४ साली याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी आपलीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. सडपातळ दिसणारा भारतीय निर्धास्त राहू शकत नाही आणि निरोगी म्हातारपणाची तयारी आईच्या आहारापासूनच सुरू होते, हा त्याचा अर्थ.

१७/
आज ‘लाँजेव्हिटी मेडिसिन’ म्हणजे दीर्घायुष्य-वैद्यक नव्या वेषात आले आहे. रॅपामायसिन या औषधाने उंदरांचे आयुष्य वाढल्याचे २००९ साली दिसले. त्याने माणसाचे आयुष्य वाढते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. मेचनिकॉफ यांच्या दह्याचीही कथा अशीच होती : आशा पुढे धावली, पुरावा मागे राहिला.

१८/
पुराव्याच्या कसोटीला उतरलेले उपाय साधे आहेत : तंबाखू सोडणे, मीठ बेताचे, रोजची हालचाल, पुरेशी झोप, रक्तदाब व रक्तशर्करेची वेळेवर तपासणी. वयाच्या तिशीनंतरची ही तपासणी आज सरकारी आरोग्य केंद्रांत होते. रक्तदाब दुखत नाही, म्हणून तो मोजावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी लसीचे जे काम होते, ते आता या तपासणीचे आहे. त्या काळाप्रमाणे आजही ती विश्वासानेच घरोघरी पोहोचेल.

१९/
दीर्घायुष्याचा ध्यास घेतलेले मेचनिकॉफ १९१६ साली, ७१ वर्षांचे असताना गेले. हाफकिन १९३० साली, ७० वर्षांचे असताना. गुरूला दह्याने जे वय दिले असे वाटले, ते आज महाराष्ट्रात जन्मणाऱ्या बाळाचे सरासरी आयुर्मान आहे. त्यात शिष्याच्या वाटेचा वाटा मोठा आहे. वर्षे मिळाली आहेत. ती धडधाकट जावीत, एवढे काम या पिढीकडे उरले आहे.