एक माणूस, सतरा कॅमेरे: झिदानकडे बघण्याचा इतिहास

आजचा भाग फुटबॉलचा आहे, पण ज्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही त्यांनीही थांबा. ऑफसाइडचा नियम आज लागणार नाही. आज आपण बोलणार आहोत ते बघण्याबद्दल. मैदानावरच्या एका माणसाकडे कलाकारांनी कसं बघितलं, सॉफ्टवेअरनं कसं बघितलं, आणि मग त्याचा पुतळा उभा राहिला तेव्हा लोकांनी कसं बघितलं. माणूस एकच, झिनेदिन झिदान.

सुरुवातीला एक तारीख लक्षात ठेवा. २३ एप्रिल २००५.

त्या दिवशी अमेरिकेत १९ सेकंदांची एक क्लिप इंटरनेटवर चढली. प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून एक तरुण दोन-चार वाक्यं बोलतो, बस. यूट्यूबवरचा हा पहिला व्हिडिओ. आणि त्याच तारखेला माद्रिदच्या बेर्नाबेऊ स्टेडियमवर रियाल माद्रिद विरुद्ध व्हियारेआल सामना होता. तिथे १७ कॅमेरे लावले होते आणि सगळ्यांना एकच काम होतं, झिदानवरून नजर हटवायची नाही. बॉल कुठेही जाऊ दे, गोल होऊ दे, कॅमेरा झिदानवरच.

एकीकडे १९ सेकंदांची क्लिप, दुसरीकडे एका माणसाकडे सलग दीड तास बघणं. दोन्ही एकाच तारखेला! हा निव्वळ योगायोग आहे, त्यात कुणाचंही प्लॅनिंग नव्हतं. पण पुढच्या वीस वर्षांत आपण सगळे कुठल्या रस्त्यानं गेलो, ते तुम्हाला माहीतच आहे.

हे कॅमेरे लावणारे दोघंही गॅलरीतले लोक होते, स्पोर्ट्स चॅनेलचे नव्हते. डग्लस गॉर्डन हा ग्लासगोचा कलाकार. हिचकॉकचा ‘सायको’ इतका संथ करून दाखवला की तो संपायला २४ तास लागतात, हे याचं १९९३ चं गाजलेलं काम. दुसरा फिलिप पारेनो, फ्रेंच, जन्म अल्जीरियातल्या ओरानचा. सामन्याआधी त्यांनी आपल्या कॅमेरामनना कुठे नेलं असेल? प्रादो संग्रहालयात. गोया आणि वेलाझ्केझ यांनी काढलेली माणसांची चित्रं बघायला. कारण त्यांना मॅच शूट करायचीच नव्हती. त्यांना पोर्ट्रेट करायचं होतं, जसं चित्रकार राजाला समोर बसवून करायचा तसं. फरक एवढाच की हा राजा पळत होता, आणि त्याच्याभोवती हजारो लोक ओरडत होते.

२००६ च्या मे महिन्यात हा सिनेमा कान महोत्सवात दाखवला गेला. ‘झिदान, एकविसाव्या शतकातलं पोर्ट्रेट’ असं त्याचं नाव. ग्लासगोच्याच मोगवाई बँडचं संगीत आहे.

आता खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं बोअर होतं. आपल्या डोळ्यांना बॉलची सवय असते. बॉल दिसेना की आपण अस्वस्थ होतो. पण त्यानंतर गंमत सुरू होते. जगातला सर्वोत्तम फुटबॉलपटू मैदानावर बहुतेक वेळ काय करतो? चालतो! बुटाचं टोक गवतावर घासतो. घाम पुसतो, थुंकतो, थांबतो. दूर कुठेतरी काहीतरी चाललेलं असतं, तो नुसता बघत असतो. मग अचानक तीन-चार सेकंद बॉल त्याच्या पायाशी येतो, बचावपटू चकतात, बॉल जातो आणि हा परत चालायला लागतो. हायलाइट्समध्ये आपण फक्त ते तीन-चार सेकंद बघतो. मधलं चालणं, ताटकळणं आपल्यापर्यंत पोचतच नाही.

पडद्यावर अधूनमधून झिदानच्या मुलाखतींमधली वाक्यं उमटतात. लहानपणी टीव्हीवरच्या कॉमेंटेटरचा आवाज त्याला कसा खेचून घ्यायचा आणि खेळताना मनातल्या मनात तो स्वतःचीच कॉमेंट्री कशी करायचा, हे त्यात आहे. गल्लीत क्रिकेट खेळताना तोंडानं कॉमेंट्री केली नाही असं आपल्यातलं कोण आहे?

शेवटी शेवटी तो रोबेर्तो कार्लोसबरोबर काहीतरी बोलतो आणि छान हसतो. त्यानंतर काही वेळातच मैदानावर धक्काबुक्की होते, झिदान धावत जाऊन त्यात घुसतो, आणि रेड कार्ड. माद्रिद २-१ जिंकतं, पण ज्याच्यासाठी १७ कॅमेरे लावले तो माणूस सामना संपायच्या आधीच मान खाली घालून बाहेर. कलाकारांनी हे लिहून घेतलेलं नव्हतं.

थोडं मागे जाऊ. ही कल्पना अगदी नवी नव्हती. १२ सप्टेंबर १९७० ला हेल्मुथ कोस्टार्ड या जर्मन दिग्दर्शकानं मँचेस्टर युनायटेड विरुद्ध कोव्हेंट्री सिटी सामन्यात आठ कॅमेरे फक्त जॉर्ज बेस्टवर लावले होते. बेस्ट म्हणजे त्या काळचा सुपरस्टार, लांब केस, पोरी मागे. आणि सिनेमात काय दिसतं? एकटा माणूस. सहकारी कडेला कधीतरी दिसतात, नाही तर नाहीच.

माझं गाव कोल्हापूर, त्यामुळे हे बघताना मला शाहू स्टेडियम आठवलं. तालमींच्या सामन्याला पेठच्या पेठ लोटते. पण गर्दीत एखादी आई किंवा एखादा मामा असा असतो ज्याची नजर बॉलवर नसतेच. ती आपल्या पोरावर असते. पोरगं दुसऱ्या टोकाला नुसतं उभं असलं तरी. कोस्टार्ड काय, गॉर्डन-पारेनो काय, त्यांनी लाखोंचे कॅमेरे आणून त्या आईचीच नजर उभी केली, असं मला वाटतं.

आता येऊ ९ जुलै २००६ वर. बर्लिनचं ऑलिंपिक स्टेडियम, वर्ल्ड कपची फायनल, फ्रान्स विरुद्ध इटली. झिदानच्या कारकिर्दीतली ही शेवटची मॅच, हे त्यानं आधीच जाहीर केलं होतं. सातव्या मिनिटाला त्यानं पेनल्टी अलगद चिप करून मारली. बॉल बारला लागून आत पडला. एकोणिसाव्या मिनिटाला मातेराझीनं बरोबरी केली. मग एक्स्ट्रा टाइम. आपल्याकडे मध्यरात्र केव्हाच उलटून गेली होती. मी तेव्हा चौथीत होतो, मला झोपवलं होतं, मी सकाळी पेपरात वाचलं.

११० व्या मिनिटाला मातेराझी काहीतरी बोलला. झिदानच्या बहिणीबद्दलचे ते अपशब्द होते, हे त्यानंच नंतर मान्य केलं. झिदान पुढे गेला होता, तो वळला आणि मातेराझीच्या छातीत डोकं हाणलं. आता मजा अशी की त्या क्षणी बॉल भलतीकडेच होता. म्हणजे टीव्हीचा मुख्य कॅमेराही भलतीकडे होता. जगभर करोडो लोक मॅच बघत होते, आणि त्यांना आधी दिसला तो आडवा पडलेला मातेराझी. काय झालं ते रिप्लेमध्ये कळलं. रेफ्री एलिझोंदोनंही ते बघितलं नव्हतं. चौथ्या पंचानं त्याला सांगितलं. तेव्हा व्हिडिओची मदत घेणं नियमात बसत नव्हतं, त्यामुळे चौथ्या पंचानं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की स्क्रीनवर, यावर वाद झाला. डोळ्यांनीच बघितलं, अशी फिफाची भूमिका होती. वर्ल्ड कपमध्ये व्हीएआर आलं ते थेट २०१८ ला.

विचार करा. फक्त झिदानकडे बघणारा सिनेमा कानला दाखवून दोन महिनेही झाले नव्हते. आणि ज्या क्षणी त्याच्याकडे बघायला हवं होतं, त्या क्षणी जग बॉलकडे बघत होतं. रेड कार्ड घेऊन तो वर्ल्ड कपच्या ट्रॉफीशेजारून आत निघून गेला. इटली पेनल्टीवर ५-३ जिंकलं. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन बॉल मात्र झिदानलाच मिळाला.

इथून पुढची गोष्ट माझ्या धंद्याशी संबंधित आहे. हारून फारोकी हा जर्मन फिल्ममेकर. जन्म १९४४ चा. वडील भारतीय डॉक्टर, आई जर्मन, बालपणाचा काही भाग भारतात गेलेला. हयातभर त्यानं एकच विषय धरला होता असं म्हटलं तरी चालेल: यंत्रं माणसाकडे कशी बघतात. तुरुंगातले कॅमेरे, क्षेपणास्त्राच्या टोकावरचे कॅमेरे, मॉलमधले कॅमेरे. २००७ च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात, म्हणजे जर्मनीतल्या कासेलला दर काही वर्षांनी भरतो तो समकालीन कलेचा महाकुंभच, त्यानं ‘डीप प्ले’ मांडलं. बारा पडदे आणि बाराही पडद्यांवर एकाच वेळी तीच बर्लिनची फायनल.

एका पडद्यावर टीव्हीचं प्रक्षेपण. एकावर फक्त एकेक खेळाडू. एकावर माणसं नाहीतच, नुसते ठिपके आणि रेषा, कुणी कुणाला पास दिला त्याचे आलेख. एकावर खेळाडूंचा वेग. एकावर स्टेडियमचे सुरक्षा कॅमेरे. कुठे प्रक्षेपणाचा दिग्दर्शक ‘आता हा कॅमेरा, आता तो’ असं ओरडतोय. आणि एका पडद्यावर बाहेरून दिसणारं स्टेडियम, वर उन्हाळ्यातलं बर्लिनचं आकाश, हळूहळू मावळणारा उजेड.

मी इंजिनिअर आहे, माझं पोट डेटावर चालतं. त्यामुळे आलेखांचे ते पडदे मला परके वाटत नाहीत. आज प्रत्येक मोठ्या क्लबकडे डेटा टीम आहे, खेळाडू सरावात अंगावर जीपीएसची बंडी घालतो. त्यातून दुखापती टळतात, प्रतिभा लवकर सापडते. हे चांगलंच आहे. पण फारोकीच्या बारा पडद्यांसमोर एक प्रश्न पडतो. एवढी सगळी मोजमापं चालू असताना ११० व्या मिनिटाला काय होणार, हे कुठल्या आलेखात दिसत होतं? ठिपका क्रमांक १० वळला, ठिपका क्रमांक २३ कडे गेला. डेटाच्या भाषेत एवढंच. बहिणीवरून दिलेली शिवी कुठल्याच कॉलममध्ये बसत नाही.

आपल्या ऑफिसमध्येही हेच आहे ना? किती तिकिटं बंद केली, किती वेळ ऑनलाइन होतास, डॅशबोर्डवर हिरवं की लाल. झिदान चालतो ते मधलं चालणं, म्हणजे आपलं विचार करणं, अडकणं, शेजारच्याला मदत करणं, हे डॅशबोर्डवर शून्य दिसतं. मॅनेजर लोक हा भाग ऐकत असतील तर त्यांनी इथे दोन मिनिटं थांबावं.

आता तिसरी नजर, पुतळ्याची. आदेल अब्देसेमेद हा कलाकार अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइनचा, झिदानहून एका वर्षानं मोठा. झिदानचे आईवडीलही अल्जीरियातूनच फ्रान्सला आलेले, आणि तो वाढला मार्सेच्या ला कास्तेलान या वस्तीत. २०१२ मध्ये अब्देसेमेदनं तो धडकेचा क्षण पाच मीटर उंच ब्रॉंझमध्ये ओतला आणि पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरसमोर उभा केला. झिदानचं डोकं छातीत, मातेराझी मागे कोसळतोय.

पुतळे कुणाचे असतात? जिंकलेल्यांचे. तलवार उपसलेली, घोडा उधळलेला. १९९८ च्या फायनलला दोन गोल मारल्यावर पॅरिसमध्ये विजयकमानीवर झिदानचा चेहरा झळकवला होता, ते समजू शकतो. पण इथे हरलेल्या क्षणाचा, चुकलेल्या क्षणाचा पुतळा! पुढे कतारनं तो घेतला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये दोहाच्या समुद्रकिनारी रस्त्यावर बसवला. काही आठवड्यांतच काढावा लागला. काहींचा आक्षेप होता की ही मूर्तिपूजा आहे, काहींचा की हे हिंसेचं उदात्तीकरण आहे. पुतळा संग्रहालयात गेला. २०२२ च्या वर्ल्ड कपच्या वर्षी तो दोहाच्या क्रीडा संग्रहालयात पुन्हा मांडला गेला, आणि या वेळी त्याचा अर्थ सांगितला गेला तो खेळाडूंवरचा ताण, मानसिक आरोग्य. ब्रॉंझ तेच, अर्थ तीनदा बदलला.

आपल्याजवळचंच बघा. २०२१ च्या डिसेंबरमध्ये गोव्यात कळंगुटला क्रिस्तियानो रोनाल्डोचा पुतळा बसला आणि लोक काळे झेंडे घेऊन आले. गोवा मुक्तीला ६० वर्षं होतात त्याच महिन्यात पोर्तुगीज खेळाडूचा पुतळा? भारतासाठी खेळलेल्या गोव्याच्या पोरांचा का नाही? पुतळा फुटबॉलचा होता, भांडण इतिहासाचं होतं.

मग यातली खरी नजर कुठली? सिनेमाची, डेटाची की ब्रॉंझची? मला विचाराल तर सिनेमाची, आणि कारण साधं आहे. आलेख माणसातून आकडा काढून घेतो, पुतळा माणसातून एकच क्षण काढून घेतो. सिनेमा काही काढून घेत नाही, तो सोबत चालत राहतो. पुतळा बघून तुम्ही म्हणाल, हा रागीट माणूस. ते दीड तास बघितल्यावर एवढं सोपं बोलता येत नाही. तो राग कुठून येतो ते तरीही कळत नाही, पण त्याच्या आधीची शांतता तुम्ही बघितलेली असते.

तर एक गृहपाठ. पुढची मॅच बघाल, फुटबॉल असो, कबड्डी असो, आयपीएल असो, तेव्हा पाच मिनिटं फक्त एकाच खेळाडूकडे बघा. शक्यतो ज्याच्याकडे बॉल नाही त्याच्याकडे. मैदानावर जाऊन बघितलंत तर उत्तम, कारण टीव्ही तुम्हाला ते करू देणार नाही. काय दिसलं ते मला नक्की कळवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला वाचून दाखवेन. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू!