युद्धवार्ता आणि राज्यकर्त्यांची सचोटी



रणांगणावरील वार्ता घरी बसलेल्या प्रजाजनांना किती सांगावी, हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे सर्व काळी उभा राहिलेला आहे. आपले बेत शत्रूस कळू नयेत, म्हणून काही गोष्टी गुप्त ठेवणे भाग असते. याविषयी कोणाचेही दुमत होणार नाही. परंतु शत्रूपासून लपविणे निराळे आणि स्वतःच्या प्रजेपासून लपविणे निराळे. या दोहोंतील भेद पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेत फार स्पष्टपणे दिसून येतो. या मोहिमेचे स्मरण महाराष्ट्राने तर विशेष करावयास हवे. कारण तीत पुढे झालेल्या सैन्याचे नावच मुळी ‘पूना डिव्हिजन’ असे होते, आणि १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी त्या सैन्यात लढत होत्या.

१९१५ साली हे सैन्य जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली तैग्रिस नदीच्या काठाकाठाने बगदादच्या रोखाने चालले होते. आरंभीच्या विजयांमुळे विलायतेत मोठा उत्साह पसरला होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या आरंभी मुख्य प्रधान ॲस्क्विथ यांनी पार्लमेंटात असे उद्गार काढले की, साऱ्या युद्धात इतकी काळजीपूर्वक आखलेली व यशाची इतकी खात्री असलेली दुसरी मोहीम क्वचितच झाली असेल. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, २२ नोव्हेंबर रोजी, टेसिफॉन येथे तुर्कांशी घनघोर लढाई जुंपली. तीत या सैन्यातील सुमारे ४,६०० माणसे मृत अथवा जखमी झाली आणि सैन्यास माघार घ्यावी लागली.

खरी दुर्दशा तेथून पुढे सुरू झाली. एवढे लोक जखमी होतील, हे धरून तयारीच केलेली नव्हती. मोडक्या हाडांच्या शिपायांना खेचरांच्या बिनस्प्रिंगच्या गाड्यांत घालून नदीपर्यंत आणले, आणि तेथून आगबोटींवर व त्यांना जोडलेल्या लोखंडी पडावांवर दाटीवाटीने निजवून बसऱ्यास धाडले. वाटेत कित्येकांच्या जखमा दिवसेंदिवस बांधल्याही गेल्या नाहीत. असे असता वरिष्ठांकडे तार गेली ती अशी की, जखमींची सोय समाधानकारक झाली असून वैद्यकीय व्यवस्थेने अडचणींतही उत्तम काम केले आहे!

बसऱ्याच्या बंदरात एका रुग्णनौकेवर मेजर कार्टर नावाचे डॉक्टर होते. आलेल्या आगबोटीवरील घाण, दुर्गंधी व जखमींचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि जसे पाहिले तसे लिहून वरिष्ठांस कळविले. त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळावयाची ती राहिली बाजूलाच. उलट, लुडबुड्या म्हणून त्यांची संभावना झाली आणि अटकेची धमकीही देण्यात आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या जखमी शिपायास पाणी मिळते की नाही, हे कळून तुर्कांचा काय लाभ होणार होता? ही वार्ता दडपल्याने शत्रू फसला नाही. फसले ते शिपायांचे आईबाप आणि खुद्द सरकार. खालून आलेल्या गोड तारांवर विसंबून वरचे अधिकारी निश्चिंत राहिले. लपविलेल्या रोगाला औषध मिळत नाही. पुढे जानेवारी १९१६ मध्ये, कुट-अल-अमारा येथे कोंडलेल्या टाउनशेंडच्या सैन्यास सोडविण्यासाठी शेख साद येथे लढाई झाली, तेव्हा जखमींची तीच अवस्था पुन्हा झाली. अखेरीस २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने जेर होऊन कुटमधील सुमारे १३,००० लोक शत्रूच्या स्वाधीन झाले. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही!

आता या कथेची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. लोकांनी व वृत्तपत्रांनी प्रश्न विचारले, आणि पार्लमेंटाने कायदा करून चौकशी मंडळ नेमले. लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन त्याचे अध्यक्ष होते. मंडळाचा अहवाल जून १९१७ मध्ये, म्हणजे युद्ध ऐन भरात असताना, प्रसिद्ध झाला. सेनापती निक्सन यांच्यापासून माजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्यापर्यंत अनेकांवर त्यात ठपका ठेवलेला होता. भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांच्या वाट्याला आलेला दोष त्या मानाने सौम्य होता. तरीही जबाबदारी ओळखून त्यांनी अधिकारपद सोडले. इतके कटू सत्य चव्हाट्यावर आल्याने सैन्याने शस्त्रे खाली ठेवली काय? मुळीच नाही. उणिवा उघड होऊ लागताच आगबोटी, रुग्णालये व रसद यांची व्यवस्था सुधारण्यात आली होती, आणि ११ मार्च १९१७ रोजी बगदाद हस्तगतही झाले होते.

मात्र ज्यांची मुले तैग्रिसच्या काठी पडली, त्या सातारा-रत्नागिरीकडील आईबापांना जाब विचारण्यास स्वतःचे पार्लमेंट नव्हते. त्यांच्या वतीने प्रश्न विचारले गेले ते सहा हजार मैलांवरील लंडनमध्ये. चेंबरलेन यांच्या जागी आलेल्या माँटेग्यू यांनी २० ऑगस्ट १९१७ रोजी हिंदुस्थानास क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती देण्याचे धोरण जाहीर केले. त्यास कारणे इतरही पुष्कळ होती. परंतु प्रजेस उत्तर देण्यास बांधलेले नसलेले सरकार स्वतःलाही खरे सांगू शकत नाही, हा धडा मेसोपोटेमियाने नुकताच शिकविलेला होता.

पराभवाची वार्ता ऐकून प्रजा क्षणभर खचते. पण ती वार्ता सरकारच्याच तोंडून ऐकलेली असली, तर पुढे विजयाची वार्ता आल्यावर तिचा त्यावर विश्वास बसतो. हा विश्वास ही राष्ट्राची मोठी शिबंदी होय. ती एकदा खर्ची पडली म्हणजे नवी भरती करावयास फार काळ लागतो.