उंदराच्या हृदयाला 'हलू नको' कसं सांगणार?

एमआरआय काढायला कधी गेला असाल तर तिथलं एक वाक्य तुम्हाला नक्की आठवेल: "अजिबात हलू नका." हात, पाय, मान आपण स्थिर ठेवू शकतो. पण हृदयाला कसं सांगणार? आणि ते हृदय उंदराचं असेल तर?

माझं पीएचडीचं काम याच प्रश्नाभोवती फिरतं. "उंदरांचा एमआरआय काढते" असं घरच्या कार्यात सांगितलं की हशा पिकतो. म्हणून आज त्यामागचा थोडा इतिहास सांगते.

आधी आकडे बघू. आपलं हृदय मिनिटाला साधारण ७० वेळा धडधडतं. उंदराचं ५०० ते ६००, म्हणजे एक अख्खा ठोका सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागात संपतो. आकार म्हणाल तर हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

एमआरआयची सुरुवात मात्र छोट्या गोष्टींपासूनच झाली. १९७३ मध्ये अमेरिकेत पॉल लाउटरबर यांनी 'नेचर'मध्ये पहिली प्रतिमा छापली. 'नेचर'नं तो लेख आधी नाकारला होता, हेही सांगायला हवं! प्रतिमा होती पाण्याच्या दोन बारीक नळ्यांची. त्यानंतर त्यांनी मुलीनं किनाऱ्यावरून आणलेल्या एका इवल्याशा शिंपल्याची प्रतिमा काढली. आपल्याकडच्या तिसऱ्यांचाच हा भाऊबंद. पण तो शांत पडून राहतो, ही मोठीच सोय.

धडधडणाऱ्या हृदयासाठी दोन गोष्टी लागणार होत्या. पहिली म्हणजे वेग. दर वेळी सिग्नल घेतल्यावर शरीरातल्या हायड्रोजनचे अणू पूर्वस्थितीत येईपर्यंत थांबावं लागे. १९८६ मध्ये जर्मनीतल्या ग्यॉटिंगनमध्ये आक्सेल हासे, येन्स फ्राम आणि सहकाऱ्यांनी 'फ्लॅश' ही पद्धत मांडली. अणूंना थोडंसंच ढकलायचं आणि फार वाट न बघता पुढचा सिग्नल घ्यायचा. काम मिलिसेकंदांवर आलं.

दुसरी गोष्ट म्हणजे ईसीजीशी जुळवणी, म्हणजेच गेटिंग. एका ठोक्यात पूर्ण फोटो काढायचाच नाही. प्रत्येक ठोक्याच्या त्याच क्षणी प्रतिमेची एकेक ओळ गोळा करायची. १२८ ओळी हव्या असतील तर १२८ ठोके. आता गंमत बघा: याच हिशेबानं माणसाला जवळजवळ दोन मिनिटं लागतील, पण भूल दिलेल्या उंदराचे तेवढे ठोके पंधरा-वीस सेकंदांत होतात. जो वेग अडचण वाटत होता, तोच इथे कामाला येतो. अर्थात सिग्नल इतका क्षीण असतो की हेच पुन्हा पुन्हा करावं लागतं.

पण एवढा खटाटोप कशासाठी? १९८९ च्या सुमारास एखादं जनुक बंद केलेले 'नॉकआउट' उंदीर तयार होऊ लागले. ते जनुक गेल्यावर हृदय फुगतं का, त्याची भिंत जाड होते का, हे बघण्याचा खात्रीचा मार्ग एकच होता. उंदीर मारायचा आणि हृदय तराजूत घालायचं. सोनोग्राफी होती, पण तिथे आकारमान काढताना हृदयाचा आकार बऱ्याचदा गृहीत धरावा लागतो. हार्ट अटॅकनंतर आकारच बिघडला तर ते गणित फसतं. एमआरआयमध्ये हृदयाचे एकापाठोपाठ एक काप मोजता येतात, काही गृहीत धरावं लागत नाही.

१९९८ मध्ये व्युर्झबुर्गच्या गटानं ७ टेस्लाच्या चुंबकात उंदराचं हृदय असं मोजून दाखवलं. (दवाखान्यातली यंत्रं सहसा १.५ किंवा ३ टेस्लाची असतात.) 'फ्लॅश'वाले हासे तोवर याच गटात आले होते. मोजलेलं वजन त्यांनी नंतर प्रत्यक्ष तराजूवर ताडून पाहिलं आणि ते जुळलं. २००३ मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं ११.७ टेस्लाच्या उभ्या चुंबकात हेच काम आणखी बारकाईनं केलं.

या जुळणीचं मोल एका हिशेबात कळतं. समजा, अटॅकनंतर पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या आठवड्यात हृदय कसं बदलतं ते बघायचंय, प्रत्येक वेळी दहा उंदीर. जुन्या पद्धतीत चाळीस जीव गेले. एमआरआयमध्ये तेच दहा उंदीर चार वेळा भूल घेऊन यंत्रात जातात. शिवाय प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, त्यामुळे निष्कर्षही भक्कम.

मात्र "एमआरआयमुळे उंदीर वाचतात" असं मी सरसकट म्हणणार नाही. प्रयोग संपल्यावर त्या दहांनाही बहुतेक वेळा मारलंच जातं, ऊतींचा अभ्यास करायला. वाचतात ते बाकीचे तीस, जे प्रयोगात कधी आलेच नाहीत.

प्राणी-नैतिकता समितीच्या अर्जात 'किती प्राणी लागतील आणि का?' हा रकाना असतो. तिथे आकडा लिहिताना माझा हात अजूनही थांबतो, आणि थांबावाच. चाळीसऐवजी दहा लिहिता येतं, त्यामागे ही पंचवीसेक वर्षांची मेहनत आहे.