सुकाणू यंत्रणेतील ढिलेपणा, लहान मालवाहू मोटारगाडीच्या

सुकाणू चक्र काही अंशांतून फिरविले तरी पुढील चाकांची दिशा बदलत नाही, या दोषास सुकाणू यंत्रणेतील ढिलेपणा म्हणतात. कारागीर यास स्टिअरिंगचा ‘प्ले’ म्हणतात. लहान मालवाहू मोटारगाडीत, म्हणजे पिकअपमध्ये, मालाचे ओझे व खडबडीत रस्त्यांचे हादरे यांमुळे सांध्यांची झीज लवकर होते व हा दोष उद्भवतो. त्याचा इतिहास यंत्रणेच्या इतिहासाशी निगडित आहे. कारण सुकाणू हलके व अचूक करण्यासाठी झालेल्या सुधारणांबरोबर झिजणाऱ्या भागांतही भर पडत गेली.

इतिहास : घोडागाडीचा पुढील संपूर्ण आस मध्यावरील एका खिळीभोवती फिरत असे. त्यात सांधे थोडे असले, तरी तीव्र वळणावर गाडी कलंडण्याचा धोका असे. आस स्थिर ठेवून त्याच्या टोकांची चाके स्वतंत्र खिळींवर वळविण्याची योजना बव्हेरियातील गेओर्ख लांकेनस्पेर्गर या गाड्या बनविणाऱ्या कारागिराने मांडली. त्यांचे इंग्लंडमधील प्रतिनिधी रूडोल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये तिचे तेथील एकस्व म्हणजे पेटंट घेतले. या योजनेत आतील चाक बाहेरील चाकापेक्षा अधिक कोनातून वळते. मात्र दोन्ही चाके जोडण्यासाठी दांडे व सांधे आवश्यक ठरले.

कार्ल बेन्झ यांची १८८६ ची गाडी तीनचाकी होती. चार चाकांसाठी योग्य अशा सुकाणू योजनेचे एकस्व त्यांनी १८९३ मध्ये घेतले. आरंभीच्या गाड्या तरफेने वळवीत. १८९४ च्या पॅरिस–रूआन शर्यतीत आल्फ्रेद व्हाशरों यांनी आपल्या पानार गाडीस तरफेऐवजी चक्र बसविले. पुढे गाड्यांचे वजन वाढले, तेव्हा हाताचे श्रम कमी करण्यासाठी चक्र व चाके यांच्यामध्ये दंतचक्रांची पेटी आली. फोर्ड कंपनीच्या १९०८ च्या ‘मॉडेल टी’ गाडीत ही दंतचक्रे सुकाणू चक्राच्या लगेच खाली होती. याच गाडीस १९२५ मध्ये कारखान्यातूनच मालाची पेटी जोडून देण्यात येऊ लागली व पिकअप हा प्रकार रूढ झाला.

जड गाड्यांत मळसूत्र व दंतखंड यांची पेटी वापरीत. तिच्यात धातूवर धातू घासत असल्याने झीज अधिक होई. जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागाने विकसित केलेल्या व १९४० च्या कॅडिलॅक गाड्यांत आलेल्या प्रकारात मळसूत्र व त्यावरील नट यांमध्ये पोलादी गोळ्या फिरत राहतात. घर्षण कमी झाल्याने हा प्रकार पिकअपमध्ये दीर्घकाळ टिकला. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपमध्ये पेटीपासून आलेला दांडा आसावरील एका मधल्या तरफेस जोडलेला असून तेथून दोन्ही चाकांकडे स्वतंत्र दांडे जात. या तरफेची खीळ व धारवे झिजले की सर्व सुकाणू सैल होई. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली व ही रचना महाराष्ट्रातील कारागिरांच्या परिचयाची झाली.

द्रवीय शक्तीचे साहाय्य असलेले सुकाणू फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये तयार करून दाखविले. विक्रीच्या गाडीत ते क्रायस्लर कंपनीने १९५१ मध्ये आणले. कमी सांध्यांची दंतपट्टी व दंतचक्रिका ही रचना १९४८ च्या मॉरिस मायनर या मोटारीत होती. पिकअपमध्ये तिचा प्रसार बराच उशिरा झाला. फोर्डच्या एफ-१५० पिकअपमध्ये २०११ पासून विजेच्या साहाय्याचे सुकाणू देण्यात येऊ लागले.

निदान : गाडी सपाट जागी चाकांवर उभी ठेवून एकाने चक्र दोन्ही बाजूंस थोडे थोडे हलवावे व दुसऱ्याने खालून क्रमाने प्रत्येक सांधा पाहावा. जेथे एक भाग हलतो व त्यास जोडलेला पुढील भाग हलत नाही, तेथे दोष असतो. शक्तिसाहाय्य असल्यास एंजिन चालू व गाडी हातब्रेकवर ठेवतात. पेटी सांगाड्यास धरून ठेवणारे बोल्ट सैल असल्यास पेटीच हलताना दिसते. त्यानंतर गाडी जॅकवर उचलून व आधार देऊन चाक वरून व खालून धरून हलवितात. ब्रेक दाबल्यावर ही हालचाल थांबली, तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो. न थांबल्यास तो किंग पिन किंवा बॉल जॉइंट यांत असतो. चाक डावी-उजवीकडून धरून हलविल्यास टाय रॉडच्या टोकांची झीज कळते.

दुरुस्ती : झिजलेले सांधे बदलणे हाच उपाय होय. पेटीवरील समायोजन स्क्रू आवळून ढिलेपणा झाकण्याची प्रवृत्ती घातक आहे. गाडी बहुतेक वेळ सरळ धावत असल्याने पेटीतील दाते मध्यभागी अधिक झिजतात. तेथील फट नाहीशी होईपर्यंत स्क्रू आवळल्यास वळणावर दाते अडकतात व चक्र आपोआप सरळ होत नाही. म्हणून सांधे आधी दुरुस्त करून स्क्रू शेवटी, चाके सरळ ठेवून व अल्प प्रमाणातच फिरवितात. टाय रॉड बदलल्यास चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करावे लागते.

कायदा : भारतातील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९८ व्या नियमानुसार सुकाणू चक्रावर ३० अंशांपेक्षा अधिक ढिलेपणा असता कामा नये, तसेच जोडदांड्यांचे बॉल जॉइंट रबरी टोपणांनी झाकलेले असले पाहिजेत. पेटीचे प्रमाण २० : १ असल्यास चक्रावरील ३० अंश म्हणजे चाकाचा अवघा दीड अंश होय. तितक्या टप्प्यात गाडी चालकाच्या हाती नसते. टोपण फाटल्यास सांध्यात धूळ व पाणी शिरून झीज झपाट्याने वाढते व अखेरीस सांधा निखळून गाडी पूर्णपणे अनावर होऊ शकते. त्यामुळे ढिलेपणा नियमाच्या मर्यादेत असला, तरी तो वाढत असल्यास तपासणी लांबणीवर टाकणे धोक्याचे असते.