ऐन रंगात आलेला खेळ अडखळतो तेव्हा...

रात्रीची वेळ. चार मित्रांच्या संघातला एक जण किनवटच्या घरात, दुसरा नांदेडला आणि उरलेले दोघे पुण्यात. ऑनलाइन सामना शेवटच्या फेरीत पोहोचलेला असतानाच किनवटच्या पडद्यावरील पात्रे थिजतात. दोन सेकंदांनी चित्र पुन्हा हलू लागते, तोवर खेळाडू बाद झालेला असतो. दोष अर्थातच इंटरनेट कंपनीच्या माथी मारला जातो. पण प्रत्येक वेळी तो तिचाच असतो असे नाही. राउटरपासून मोबाइलपर्यंतच्या शेवटच्या दहा-वीस फुटांतही बिघाड दडलेला असू शकतो.

ई-स्पोर्ट्सकडे आता निव्वळ वेळ घालवण्याचे साधन म्हणून पाहता येत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा समावेश क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत केला आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यासाठी पदकेही दिली गेली. शिवाय जी जोडणी खेळात अडखळते, तीच ऑनलाइन परीक्षेत किंवा मुलाखतीतही दगा देते. म्हणून तिची तपासणी क्रमाने करणे हिताचे ठरते.

वेग नव्हे, नियमितपणा

चित्रपट विनाअडथळा दिसतो, मग खेळच का अडतो? चित्रपटाचा पुढचा भाग आधीच साठवून ठेवता येतो; खेळातील पुढची हालचाल मात्र अजून घडलेलीच नसते. खेळाला लागणारी माहिती थोडकीच असते, पण ती वेळेवर यावी लागते. माहितीला सर्व्हरपर्यंत जाऊन परतण्यास लागणाऱ्या वेळेला 'पिंग' म्हणतात व तो सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदांत, मोजतात. पिंग सतत ६० असेल तर खेळता येते. तो २० वरून अचानक ३०० वर उडी घेत असेल तर खेळ बिघडतो.

आधी निदान, मग उपचार

संगणकावर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'पिंग' या आज्ञेपुढे राउटरचा पत्ता द्यावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. त्यापुढे आडवी रेघ व इंग्रजी 'टी' हे अक्षर लिहिल्यास मोजणी सुरूच राहते. दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ या गुगलच्या पत्त्याची मोजणी चालू ठेवावी आणि खेळ सुरू करावा.

राउटरचे आकडे एरवी १० मिलिसेकंदांच्या आत असतात. खेळ अडखळताना तेच उसळले, तर बिघाड घरातील वाय-फायमध्ये आहे. ते शांत राहिले आणि बाहेरचे उसळले, तर दोष राउटरच्या पुढे किंवा जोडणीवरील ताणात आहे. खात्रीसाठी लॅन केबलने संगणक थेट राउटरला जोडून पाहावे. केबलवर त्रास थांबला, तर कंपनीला दूरध्वनी करण्याचे कारण उरत नाही.

घरातील अडथळे

राउटर कपाटात, दूरचित्रवाणी संचामागे किंवा लोखंडी तिजोरीजवळ ठेवू नये. त्याची जागा उंचावर, मोकळी व खेळण्याच्या खोलीजवळ असावी. जुन्या घरांच्या दगड-मातीच्या जाड भिंती आणि नव्या घरांचे सळयांचे स्लॅब, दोन्ही लहरी शोषून घेतात किंवा अडवतात.

बहुतेक राउटर २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. पहिला दूरवर पोहोचतो. पण त्यावर शेजाऱ्यांचे राउटर, ब्ल्यूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांचीही गर्दी असते. दुसरा तुलनेने मोकळा असला तरी भिंतीपुढे लवकर क्षीण होतो. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झ निवडावा. २.४ वर राहावे लागल्यास चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा घ्यावा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी.

मराठवाड्यातील उन्हाळ्याचाही विचार हवा. घरगुती राउटर साधारणतः ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली ठेवलेला राउटर ती मर्यादा सहज ओलांडतो व मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होतो. त्याला हवा लागेल असे ठेवावे आणि वीज जाण्या-येण्यापासून वाचवण्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस जोडावा.

ताण कोठून येतो?

घरातील एखादा मोबाइल त्याच वेळी छायाचित्रे 'क्लाउड'वर चढवत असेल, तर राउटरमध्ये माहितीची लांबच लांब रांग लागते आणि खेळाची माहिती त्या रांगेत अडकते. या दोषाला 'बफरब्लोट' असे नाव आहे. अशी कामे खेळाच्या वेळी थांबवावीत. राउटरमध्ये 'क्यूओएस' किंवा 'एसक्यूएम' ही सोय असल्यास प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के एवढी मर्यादा घालावी. वेग किंचित घटतो, पण रांग आटोक्यात राहते.

अंतराचे गणित

फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. किनवट ते मुंबई तारेचा मार्ग ८०० किलोमीटर धरला, तरी जाण्या-येण्यास ८ मिलिसेकंदच पुरतात. प्रत्यक्षात वाटेतील यंत्रणांमुळे थोडे अधिक लागतात. सर्व्हर सिंगापूरचा असेल तर समुद्रापलीकडच्या प्रवासाचे किमान ४० मिलिसेकंद त्यात वाढतात. ते कोणत्याही राउटरने कमी होत नाहीत. म्हणून खेळाच्या सेटिंगमध्ये भारतातील सर्व्हर उपलब्ध असेल तर तोच निवडावा.

तक्रार करताना

केबलवरही त्रास कायम राहिला, तर तीन-चार दिवस वेळ व पिंगचे आकडे टिपून ठेवावेत. कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. निवारण समाधानकारक न झाल्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. 'नेट नीट चालत नाही' या वाक्यापेक्षा 'केबल जोडूनही रात्री ९ ते ११ या वेळेत पिंग ३०० वर जातो' ही नोंद अधिक परिणामकारक ठरते.

महागडा राउटर किंवा अधिक वेगाची योजना घेण्यापूर्वी ही तपासणी करावी. तिला एक संध्याकाळ आणि एक लॅन केबल एवढेच लागते.